शीड गेले, डिझेल आले, आता वीज?

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ च्या ऑक्टोबर महिन्यात व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले, आणि अणुशक्तीपासून व्यापारी वीज मिळविणारे देशातील पहिले केंद्र असा मान या किनाऱ्याला मिळाला. पुढे २००५ आणि २००६ साली त्याच आवारात प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच सुरू झाले. उत्तरेस डहाणूला ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. मुंबईची विजेची लोकल २०१३ साली डहाणूपर्यंत येऊन पोहोचली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रे विजेवर चालतात. सारांश, वीज ही पालघर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्याला अनोळखी वस्तू नाही. ती तेथेच जन्मास येते. परंतु याच पट्ट्यातील सातपाटी, मुरबे, नवापूर, उच्छेळी-दांडी, घिवली, चिंचणी, वरोर, धाकटी डहाणू या गावांच्या किनाऱ्यावर उभे राहिले की जो आवाज कानी पडतो तो डिझेल इंजिनाचा असतो. वीज निर्माण करणाऱ्या केंद्राच्या शेजारी राहणारा मच्छीमार समुद्रावर जाताना परदेशातून आणलेल्या खनिज तेलावर अवलंबून असतो.

ही विसंगती केवळ नजरेला खटकणारी असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तिच्या पोटात पोटापाण्याचा प्रश्न आहे. मासेमारीच्या फेरीच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो, आणि तो खर्च मासळी मिळो वा न मिळो, आधी करावा लागतो. यामुळे डिझेलचा भाव वाढला की होडी किनाऱ्याला राहते, किंवा उधारीवर समुद्रात जाते. जगात आता शिडाच्या नौकांची तेलावरची इंजिने काढून तेथे विजेच्या मोटारी बसविण्याचा प्रघात पडू लागला आहे. आपल्या किनाऱ्यावर असे काही शक्य आहे काय, शक्य असल्यास कोणत्या होड्यांना, आणि त्याचा भार कोणी उचलावा, या प्रश्नांचा हिशेबाने विचार झाला पाहिजे. उत्साहाने किंवा उपहासाने त्यांची उत्तरे मिळणार नाहीत.

पहिले स्थित्यंतर

या किनाऱ्याने एक मोठे स्थित्यंतर यापूर्वी पाहिले आहे. स्वातंत्र्यापूर्वी येथील मचवे शिडावर आणि वल्ह्यांवर चालत. वारा आणि भरती-ओहोटी यांचे वेळापत्रक हेच मासेमारीचे वेळापत्रक असे. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या काळात होड्यांना इंजिने बसविण्याचा कार्यक्रम देशभर हाती घेण्यात आला. केरळात १९५२ च्या करारानुसार नॉर्वेच्या साहाय्याने जो प्रकल्प सुरू झाला, त्यास नव्या धाटणीच्या नौका घडवाव्या लागल्या. कारण तेथील ओंडक्यांच्या होड्यांत इंजिन बसणे कठीण होते. मुंबई राज्याच्या किनाऱ्यावरील मचव्यांची बांधणी मात्र अशी होती की आहे त्याच होडीत इंजिन बसविता आले. सातपाटीच्या धर्तीची होडी हा मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे नोंदविलेला प्रकार आहे. आपल्या बांधणीची ही पुण्याई होती, आणि तिचा लाभ या गावांनी घेतला.

इंजिनामुळे काय मिळाले, हे विसरता कामा नये. वारा पडला म्हणून होडी अडकून पडण्याचे संकट टळले. मासळी ताजी असताना किनाऱ्याला आणता येऊ लागली. दूरच्या पाण्यात जाता आले. बर्फ, नायलॉनची जाळी आणि इंजिन या तिघांनी मिळून पापलेटला मोठ्या शहरांची आणि परदेशांची बाजारपेठ मिळवून दिली. २०२३ साली ज्या रुपेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, त्याची कीर्ती सातपाटीच्या बंदरातूनच दूरवर गेली. हे सर्व घडले त्यात सहकारी संस्थांचा वाटा मोठा आहे. इंजिनासाठी कर्ज, बर्फाचा कारखाना, डिझेलचा पंप, मासळीची विक्री, ही सर्व कामे संस्थांनी अंगावर घेतली. एकट्या मच्छीमाराला हे स्थित्यंतर झेपले नसते.

परंतु नाण्याला दुसरी बाजू होती. शिडाला लागणारा वारा विकत घ्यावा लागत नव्हता. इंजिन आले आणि मच्छीमार एका अशा वस्तूचा ग्राहक झाला, जिची किंमत ठरविण्यात त्याचा काडीइतकाही हात नव्हता. १९७३-७४ साली खनिज तेलाचे भाव जगभर चौपट झाले, तेव्हा त्याचा पहिला धक्का बसला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या किरकोळ भावावरील सरकारी नियंत्रण उठले. त्याआधी, जानेवारी २०१३ मध्ये, घाऊक ग्राहकांसाठी वेगळा चढा भाव लागू झाला होता, आणि मच्छीमारांच्या संस्थांचे पंप घाऊक ग्राहकांत गणले गेले. मार्च २०२२ मध्ये हाच प्रकार अधिक तीव्रतेने घडला. युक्रेनच्या युद्धामुळे तेल भडकले आणि घाऊक डिझेल एकाएकी लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागले. रस्त्यावरच्या पंपापेक्षा संस्थेचा पंप महाग, अशी उलटी स्थिती झाली. सहकाराने एकत्र खरेदी करावी ती स्वस्त पडावी म्हणून. येथे एकत्र खरेदीचीच शिक्षा झाली. शीड सोडून दिल्याचे मोल असे वेळोवेळी चुकवावे लागते.

परदेशचा दाखला आणि त्याची मर्यादा

युरोप-अमेरिकेतील शिडाच्या नौकांवर विजेची मोटार यशस्वी होते, याचे कारण साधे आहे. त्या नौकांचा मुख्य प्रवास वाऱ्यावरच होतो. इंजिन लागते ते बंदरातून बाहेर पडताना, आत येताना, किंवा वारा पडल्यावर. दिवसाकाठी तास-दोन तासांचे हे काम बॅटरीला सहज पेलते. शिवाय नौका शिडावर वेगाने चालत असताना पाण्याच्या रेट्याने पंखा उलट मोटारीला फिरवितो आणि थोडी वीज बॅटरीत परत भरतो. ही सोय उत्तम असली तरी तिचा आधार शीड आहे, आणि आपल्या होड्यांवरून ते शीडच उतरलेले आहे. तेव्हा परदेशच्या हौशी नौकांचा दाखला जसाच्या तसा सातपाटीच्या नौकेला लावणे ही फसवणूक ठरेल.

व्यवसायाच्या जवळचे दाखले दुसरीकडे सापडतात. नॉर्वेत २०१५ साली 'कारोलिने' नावाची ११ मीटर लांबीची मासेमारी नौका समुद्रात उतरली. ती दूरच्या पाण्यात जाताना डिझेल वापरते. पण जाळी टाकण्या-काढण्याचे काम आणि बंदरातील ये-जा बॅटरीवर करते, आणि रात्री धक्क्यावर वीज भरून घेते. आपल्याकडे केरळात वैकम येथे जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौरविजेवरील नौका खाडीत फेऱ्या करू लागली. कोचीत एप्रिल २०२३ मध्ये विजेवर चालणाऱ्या नौकांची जलमेट्रो सुरू झाली. हे प्रयोग स्वदेशी कारागिरीचे आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्यातील साम्य लक्षात घ्यावे: अंतर ठरलेले, पाणी बहुधा शांत, आणि परतीचा धक्का जवळ. जेथे हे तीन घटक आहेत तेथे वीज जिंकते. जेथे नाहीत तेथे तिला डिझेलची सोबत लागते.

वजनाचा हिशेब

असे का, हे समजण्यासाठी घरच्या वीजबिलावरचे 'युनिट' हे माप पुरेसे आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. तीपैकी बरीचशी उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि पंख्याच्या दांड्याला तीन युनिटांच्या आसपास मिळते. विजेची मोटार अशी उधळपट्टी करीत नाही. बॅटरीतून निघालेल्या दहा युनिटांपैकी नऊ ती कामी लावते. एवढ्यावरून विजेचा विजय झाला असे वाटेल. पण बॅटरीचे वजन मध्ये येते. आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीत एक युनिट साठविण्यास, पेटी आणि बांधणी धरून, सात-आठ किलो वजन लागते.

आता सातपाटीची मोठी नौका घ्या. ती बर्फ भरून कित्येक दिवस समुद्रात राहते. तिला एका फेरीस ५०० लिटर डिझेल लागते असे धरले, तर त्या तेलाचे वजन सव्वाचारशे किलोंच्या आत राहते. तेवढेच काम देणारी बॅटरी मात्र बारा-तेरा टनांची होईल. मग मासळी कोठे ठेवायची आणि बर्फ कोठे? अशा नौकेला पूर्ण विजेवर आणण्याची भाषा आज तरी कोणी करू नये.

याउलट पहाटे निघून दुपारपर्यंत परतणारी लहान होडी पाहा. तिला दिवसाला आठ लिटर डिझेल लागते असे समजू. तिचे काम २४ युनिटांचे आहे. वाऱ्यापाण्याचा अनुभव लक्षात घेऊन भरपूर राखीव साठा धरला तरी ४० युनिटांची बॅटरी पुरे होते. तिचे वजन तीनशे-सव्वातीनशे किलो. इंजिन आणि टाकी काढल्यावर हा भार होडीला जड जाऊ नये.

डोलीची मासेमारी या दृष्टीने विशेष विचारात घेण्यासारखी आहे. डोलीचे जाळे इंजिनाच्या जोराने ओढायचे नसते. ते कवीवर खुंटांना बांधलेले असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी त्यात आणून टाकतो. होडी जाते, जाळे लावते, पाणी फिरण्याची वाट पाहते, आणि माल काढून परतते. इंजिनाचे काम मुख्यतः जाण्या-येण्यापुरते. शिवाय उधाणाचे दिवस जोराचे आणि भांगाचे दिवस मंदीचे, हा क्रम निसर्गानेच लावून दिला आहे. ज्यांच्या कवी किनाऱ्याला जवळ आहेत अशा डोलकरांची होडी विजेला सर्वांत अनुकूल म्हटली पाहिजे.

आणखी एक गोष्ट डिझेल आणि वीज या दोघांनाही लागू आहे. होडीचा वेग वाढवू तसा पाण्याचा प्रतिकार फार वेगाने वाढतो. वेग एक पंचमांशाने कमी केला तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते, आणि तेच अंतर कापण्यास लागणारी ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने घटते. बाजार गाठण्याची घाई नसेल तेव्हा सावकाश येणे ही सर्वांत स्वस्त बॅटरी आहे. आणि परतीच्या वाटेवर वारा अनुकूल असताना लहानसे शीड उभारता आले, तर आजोबांच्या वेळची विद्या नातवाच्या मोटारीला हातभार लावील. जाळ्याच्या कामात डोलकाठी आड येते ही तांडेलांची अडचण खरी आहे. पण काठी आडवी पाडण्याची सोय ही काही अवघड विद्या नव्हे.

पैशाचा हिशेब

तंत्राने शक्य असलेली गोष्ट खिशाला परवडतेच असे नाही. वरच्या लहान होडीचेच उदाहरण पुढे नेऊ. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ते बदलून पाहण्यास वाचक मोकळा आहे. वर्षात २०० दिवस होडी समुद्रावर जाते, डिझेल ९० रुपये लिटर आहे, असे धरल्यास तेलाचा वार्षिक खर्च १ लाख ४४ हजार रुपये होतो. विजेवर तेच काम करण्यास, भरताना आणि वापरताना होणारी गळती धरून, दिवसाला ३० युनिट लागतील. १० रुपये युनिट दराने वर्षाचे ६० हजार रुपये झाले. म्हणजे बचत ८४ हजारांची. बॅटरी, मोटार आणि जोडणी मिळून १० लाख रुपये भांडवल लागते असे मानले, तर ते वसूल होण्यास बारा वर्षे जातील. खाऱ्या हवेत बॅटरीचे आयुष्य दहा वर्षांचे धरणे शहाणपणाचे. तेव्हा केवळ बाजाराच्या भरवशावर हा व्यवहार बुडीत आहे, आणि व्याज धरले तर अधिकच.

येथेच सरकारी धोरणाची मेख आहे. महाराष्ट्र सरकार यांत्रिक नौकांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा देते. हेतू चांगला आहे. तो परतावा वेळेवर मिळत नाही, थकबाकी साचते, ही मच्छीमार संस्थांची जुनी तक्रार आहे. पण समजा तो वेळेवर मिळाला आणि लिटरमागे १५ रुपये हाती पडले, तर आपल्या उदाहरणातील होडीला वर्षाला २४ हजार रुपये परत मिळतील. ते मिळतात तोवर विजेने होणारी बचत ८४ हजारांवरून ६० हजारांवर येते, आणि भांडवल वसूल होण्यास सोळा-सतरा वर्षे लागतात. म्हणजे जो मच्छीमार डिझेल जाळतो त्याला कर माफ. जो जाळत नाही त्याला काही नाही. एका हाताने स्वच्छ ऊर्जेचा पुरस्कार करणारे शासन दुसऱ्या हाताने जुन्या इंजिनाला टेकू देते. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. दोन खात्यांचा एकमेकांशी हिशेब जुळलेला नाही, एवढेच.

उपाय असा की परतावा बंद न करता, जो मच्छीमार स्वखुशीने विजेकडे वळेल त्याला दहा वर्षांच्या परताव्याइतकी रक्कम भांडवल म्हणून एकरकमी द्यावी. आपल्या उदाहरणात ती २ लाख ४० हजार होते. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत नौकांसारख्या कामांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती व महिला यांना ६० टक्के साहाय्य देण्याची पद्धत आहे. तोच ४० टक्क्यांचा दर येथे लावल्यास ४ लाख रुपये मिळतील. मच्छीमाराच्या वाट्याला ३ लाख ६० हजार उरतात, आणि ६० हजारांच्या वार्षिक बचतीतून ते सहा वर्षांत फिटतात. बुडीत व्यवहार आवाक्यात येतो.

यावर अर्थखाते एक रास्त आक्षेप घेईल. परतावा म्हणजे घेतलेलाच कर परत करणे. ज्याने डिझेल विकत घेतले नाही त्याने कर भरलाच नाही, तेव्हा त्याला दिलेली रक्कम तिजोरीवरचा नवा बोजा होय. आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे. हा बोजा केवढा? अशा एक हजार होड्या विजेवर आणावयाच्या तर एकरकमी परतावा २४ कोटी आणि अनुदान ४० कोटी, मिळून ६४ कोटी रुपये. याच जिल्ह्यात ज्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये ज्याची पायाभरणी झाली, त्याचा अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये आहे. मच्छीमारांसाठीचा हा खर्च त्याच्या एक सहस्रांशाहूनही कमी भरतो. पैसा नाही ही सबब येथे टिकणारी नाही.

दुसरी सवलत त्याहूनही सोपी आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला, आणि त्यात वीजदरातील सवलतीचा विचार आहे. धक्क्यावर होडीची बॅटरी भरण्याच्या विजेलाही ती निःसंदिग्धपणे लागू झाली पाहिजे. दहाऐवजी पाच रुपये युनिट मिळाले तर आपल्या उदाहरणातील होडीची वर्षाला आणखी ३० हजार रुपयांची बचत होते. शेतातल्या पंपाला जो न्याय, तो होडीतल्या मोटारीला का नसावा?

जवळचा समुद्र राहील काय?

येथवरचा सारा हिशेब एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत डगमगते आहे. विजेची होडी ही जवळच्या पाण्यातील होडी आहे. ती परवडण्यासाठी किनाऱ्याजवळ मासळी असावी लागते. आज या किनाऱ्यावरचा मच्छीमार दूर जातो तो हौसेने नव्हे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याने खाड्या आणि किनारा नासला, अशी तक्रार घेऊन मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. अणुवीज केंद्राच्या आसपासच्या पाण्यात सुरक्षेसाठी निर्बंध आहेत. सातपाटीच्या बंदराचे तोंड गाळाने भरत आले असून भरतीची वेळ साधल्याखेरीज नौकेला आत-बाहेर करता येत नाही. जवळची पाणी आटत चालली की कवींवरून मच्छीमारा-मच्छीमारांतच तंटे लागतात. पालघर-डहाणूच्या आणि वसई-उत्तनच्या डोलकरांमधील वाद त्याची साक्ष आहे.

त्यात वाढवण बंदरासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव होणार आहे. या बंदराच्या राष्ट्रीय उपयुक्ततेची चर्चा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच म्हणावयाचे की भराव आणि मोठ्या जहाजांचे मार्ग यांमुळे जवळची जेवढी मासेमारीची पाणी जातील, तेवढा मच्छीमार आणखी दूर ढकलला जाईल. आणि जेवढा तो दूर जाईल, तेवढा डिझेलला अधिक घट्ट बांधला जाईल. प्रत्येक वाढलेल्या मैलाबरोबर बॅटरीचा हिशेब बिघडतो आणि तेलाचा पक्का होतो. नुकसानभरपाई ठरविताना गेलेली मासळी मोजली जाते, पण वाढलेले अंतर सहसा मोजले जात नाही. ते मोजले पाहिजे. कारण तो खर्च एकदाच होऊन थांबत नाही, तर होडी जितके दिवस समुद्रात जाईल तितके दिवस होत राहतो.

म्हणून विजेच्या होडीचा प्रश्न हा केवळ मोटारीचा आणि बॅटरीचा नाही. खाडी स्वच्छ राखणे, बंदराचा गाळ काढणे, आणि किनाऱ्यालगतची पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवणे, ही तिची पहिली साधनसामग्री आहे. ही नसेल तर अनुदानाच्या होड्या वाळूवर पडून राहतील आणि त्यांची छायाचित्रे तेवढी अहवालांत उरतील.

प्रारंभ कोठून करावा

कोणत्याही नव्या साधनाबद्दल मच्छीमार सावध असतो, आणि ते योग्यच आहे. समुद्रात मध्येच मोटार बंद पडली तर? खारे पाणी बॅटरीत शिरले तर? आग लागली तर? दुरुस्ती कोण करणार? डिझेलचे इंजिन गावातला कारागीर खोलून जोडतो. विजेच्या मोटारीचे नियंत्रक यंत्र बिघडले तर तो काय करील? या शंका अडाणीपणाच्या नव्हेत. त्यांचे उत्तर भाषणांनी मिळत नाही, अनुभवाने मिळते. म्हणून एकदम हजार होड्यांची घोषणा न करता प्रथम दोन-तीन गावांत, सहकारी संस्थांच्या मालकीच्या दहा-वीस होड्यांवर दोन हंगाम प्रयोग व्हावा. लहान डिझेल इंजिन संकटकाळासाठी होडीत ठेवावे. किती युनिट लागले, किती दिवस होडी बंद राहिली, दुरुस्तीस काय लागले, याची वही संस्थेने ठेवावी आणि ती सर्वांना खुली असावी. प्रयोग फसला तर तोही उघडपणे नोंदवावा. फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद ही यशाच्या खोट्या जाहिरातीपेक्षा अधिक मोलाची असते.

वीज भरण्याची जागा हाही साधा प्रश्न नाही. ओहोटीला होड्या चिखलात बसतात. तेथवर वीज सुरक्षितपणे नेण्यास भरतीच्या रेषेपेक्षा उंच धक्का आणि चांगली जोडणी हवी. हे काम एकट्या होडीवाल्याचे नाही. डिझेलचा पंप जसा संस्थेने चालविला, तसे वीजभरण केंद्र संस्थेने चालवावे, आणि बॅटऱ्याही संस्थेच्या मालकीच्या ठेवून भाड्याने द्याव्यात. त्यामुळे दहा लाखांचे ओझे एका घरावर पडणार नाही. पावसाळ्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्याला असतात; तेव्हा त्याच बॅटऱ्यांनी बर्फाच्या कारखान्याला किंवा शीतगृहाला हात द्यावा. बोईसरच्या वसाहतीत विजेच्या यंत्रांवर काम करणारे कुशल कामगार आहेत. पालघर-डहाणूच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मच्छीमारांच्या मुलांना हे काम शिकविले, तर दुरुस्तीसाठी कोचीकडे पाहावे लागणार नाही.

कोळशापासून केलेली वीज वापरून होडी स्वच्छ कशी होणार, असा आणखी एक प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. राज्यातील विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशावर आहे, आणि संस्थेच्या छपरावर सौर पट्ट्या बसविल्या तरी सगळी गरज त्यातून भागणार नाही. परंतु होडीतून खाडीत गळणारे तेल आणि दिवसभर खलाशाच्या छातीत जाणारा धूर हे दोन्ही विजेने तत्काळ थांबतात. विजेचे उगम पुढे बदलता येतात. डिझेलच्या इंजिनाला मात्र डिझेलच लागते.

मोठ्या नौकांच्या मालकांना या लेखातून फारसे आश्वासन मिळणार नाही, हे खरे आहे. त्यांच्यासाठी सावकाश वेग, चांगला पंखा, स्वच्छ राखलेला तळ, आणि वेळेवर मिळणारा परतावा, हेच आज व्यवहार्य उपाय आहेत. लहान होडीवाल्यासाठी मात्र दार किलकिले झाले आहे. पहिल्या स्थित्यंतरात सरकारने भांडवल दिले, संस्थांनी ते पोहोचविले आणि मच्छीमाराने धाडस केले. या तिघांपैकी धाडस करणारा आजही किनाऱ्यावर उभा आहे. पालघरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाने, महावितरणने आणि सातपाटी ते झाई या पट्ट्यातील संस्थांनी येत्या बंदीच्या दोन महिन्यांत एकत्र बसून पहिल्या दहा होड्यांचा आणि एका धक्क्याचा आराखडा करावा. एवढे झाले तरी या विषयाची चर्चा सभांतून उठून समुद्रावर जाईल.